बोथट झालेले शस्त्र

डुकरांचा एक फुप्फुसरोग असा आहे की, काल धडधाकट दिसलेले जनावर आज मरून पडलेले आढळते. इन्फ्लुएंझाच्या संशोधनाने कीर्ती पावलेले अमेरिकन शास्त्रज्ञ रिचर्ड शोप यांनी १९६४ साली अर्जेंटिनातील साथीवरून त्याचे सविस्तर वर्णन केले. या रोगजंतूंविरुद्ध पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन ही शस्त्रे पशुवैद्यांच्या हाती होती.

परंतु ती बोथट करण्याचा उद्योग आधीच आरंभला होता. १९५० च्या सुमारास अमेरिकेत दिसून आले की, खाद्यात किंचित ऑरिओमायसिन मिसळले म्हणजे जनावरे लवकर वाढतात. मग निरोगी डुकरांनाही रोज औषध मिळू लागले. अल्प मात्रेने दुबळे जंतू मेले. चिवट तेवढे उरले आणि फोफावले. शिवाय ही प्रतिकारशक्ती एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, हे जपानी संशोधकांनी १९५९ मध्ये आतड्यातील जंतूंबाबत दाखविले. कालांतराने फुप्फुसरोगाच्या जंतूंतही टेट्रासायक्लिनला न जुमानणारे वाण सापडले.

ब्रिटनच्या स्वान समितीने १९६९ साली बजावले की, उपचाराची औषधे केवळ वाढीसाठी खाद्यात घालू नयेत. स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने २००६ मध्ये वाढीसाठीचा हा वापर पूर्णतः बंद केला. डेन्मार्कने तो त्यापूर्वीच थांबविला होता. तरी तेथील वराहपालन बुडाले नाही.

श्रोतेहो, जंतूंना गोठ्याची वेस ठाऊक नसते. औषधाचे सामर्थ्य ही सर्वांची सामाईक ठेव आहे. ती एकाने उधळली, तर उणीव सर्वांनाच भासते.