यशवंतीची पेटी

तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी कोंढाण्याच्या कड्याखाली येतो तेव्हा घोरपड निघते ती पेटीतून. मग तिला शेंदूर माखणे, मोत्यांचा भांग भरणे, कमरेला दोर बांधणे, हे सारे सोपस्कार होतात. यशवंती अर्धा कडा चढून माघारी फिरते. अपशकुन झाला असे सोबतच्यांना वाटते. पण तानाजी असा खवळतो, की तुला कापून शिळ्या भाकरीशी खाईन, अशी धमकीच तिला देतो. बिचारी पुन्हा चढते आणि माथ्यावर नखे रोवते. लहानपणी हा पोवाडा ऐकताना आमच्या अंगावर काटा उभा राही. परंतु त्या पेटीचा विचार आमच्यापैकी कोणीच कधी केला नाही. पेटी केवढी होती? लाकडाची की वेताची? आणि मोहीम नसेल तेव्हा, म्हणजे वर्षाचे तीनशे साठ दिवस, ती घोरपड राहत कोठे होती?

हा प्रश्न मला विचारला तो आमच्या दासगावच्या सहावीतल्या एका मुलाने. दासगाव हे महाडच्या अलीकडे सावित्रीच्या काठी वसलेले जुने बंदर. आज मुंबई-गोवा रस्त्याने भरधाव जाणाऱ्या प्रवाशाला त्याचे नावही कळत नाही. पण १७५६ साली बाणकोटाबरोबर इंग्रजांच्या हाती जी थोडी गावे गेली, त्यांत ते होते. १७७१ साली जेम्स फोर्ब्ज नावाचा कंपनीचा एक चित्रकार-नोकर जवळच्या सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी येथे येऊन राहिला आणि आपल्या ग्रंथात गावाचे वर्णन करून गेला. उत्तरेला रायगड, दक्षिणेला पोलादपूर, आणि पोलादपूर तालुक्यातच तानाजीचे उमरठ. लढाईनंतर तानाजीचा देह ज्या वाटेने खाली कोकणात आणला, ती वाट मढे घाट म्हणून दाखवतात. या मुलाचे आजोळ उमरठचे. तेव्हा यशवंतीची गोष्ट तो पुस्तकात वाचून शिकला नव्हता. ती त्याच्या घरचीच होती.

गेल्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर तो एका संध्याकाळी माझ्या ओटीवर आला. हातात उपरण्यात गुंडाळलेले काहीतरी वळवळत होते.

"गुरुजी, घोरपडीचं पिल्लू हाय. मांजरीच्या तोंडातनं सोडवलंय. एखादी पेटी द्या की!"

पाठोपाठ त्याची आजी धापा टाकीत आली. "गुरुजी, त्याला सांगा काहीतरी. पिल्लू इखारी असतं. मोठी परवडली, पण पिल्लू नको!"

पिल्लू शेपटी धरून वीतभर असेल. गळ्यावर काळसर आडव्या रेघा, पाठीवर पिवळट ठिपक्यांच्या ओळी, आणि दुभंगलेली जीभ सारखी आत-बाहेर. शेपटीच्या मुळाशी मांजरीचे दात लागले होते. हे भडक रंग आणि ही जीभ पाहूनच लोक घाबरतात. उत्तरेकडे तर घोरपडीच्या पिल्लाला बिसखोपरा हे वेगळे नाव देऊन निराळा जहरी प्राणीच मानतात. मी म्हटले, "वहिनी, सापासारखे विषाचे दात तिला नसतात. चावली तर रक्त काढील, जखम धुवावी लागेल, एवढेच." आजींना हे फारसे पटले नाही. नातू मात्र एकदम बोलून गेला, "मी हिला शिकवनार. दोर बांधून रायगडावर चढवनार."

मी एक जुनी लाकडी पेटी रिकामी केली, तिला भोके पाडली, तळाशी गोणपाट घातले, एका कोपऱ्यात उथळ ताटली ठेवली आणि पेटी काळोख्या खोलीत नेली. जखमी जनावराला एका रात्रीपुरते एवढे पुरते. त्याला अंधार आणि शांतता हवी असते, कौतुक नको असते. महाडच्या वनखात्याला फोन केला. सकाळी माणूस पाठवतो, असे उत्तर आले. मधली एक रात्र आमच्या पदरात पडली आणि त्या रात्री मुलाने वहीच्या पानावर कायमच्या पिंजऱ्याचा आराखडा काढून आणला. कोंबड्यांच्या खुराड्याएवढी चौकट, चारी बाजूंनी जाळी, आत एक दगड. बाजूला मोठ्या अक्षरांत नाव: यशवंती.

आराखडा टाकून देण्याजोगा नव्हता. मी त्याच्याबरोबर एकेक गोष्ट तपासत गेलो. आधी जाळी. पिंजऱ्यातली घोरपड वाट शोधीत नाकाड जाळीवर घासत बसते आणि शेवटी ते सोलून निघते. तेव्हा भिंती गुळगुळीत हव्यात. मग माती. घोरपड बीळ करणारी. तिला हातभर तरी खोल, किंचित ओलसर माती पाहिजे, नाहीतर ती कातड्यासकट वाळत जाते. पिल्ले तर पुष्कळ वेळ झाडावर काढतात. तेव्हा आडव्या-तिडव्या फांद्या हव्यात, साल सुटलेला ओंडका हवा, अंग चेपून बसता येईल अशा फटी हव्यात. सर्व अंग बुडेल एवढे पाणी हवे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऊन. तिचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून ऊबदार राहत नाही; सकाळी दगडावर तापल्याशिवाय तिला अन्नही पचत नाही. म्हणून पिंजऱ्याचे एक टोक चांगले तापलेले आणि दुसरे टोक गार पाहिजे, म्हणजे तिला हवे तेव्हा इकडून तिकडे जाता येईल. जुलैत आमच्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तेव्हा काय करणार?

"दिवा लावीन," तो म्हणाला.

उत्तर बरोबर होते. परदेशात हौशी लोक आफ्रिकेतल्या वगैरे घोरपडी पाळतात, ते असे दिवेच लावतात. या विद्येचा पाया घालणाऱ्यांत लंडनच्या जोन प्रॉक्टर या बाईंचे नाव मोठे आहे. ज्या १९२७ सालच्या नाताळात चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी बोटीने आमच्या दासगाव बंदरात उतरले, त्याच साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात प्रॉक्टरबाईंच्या देखरेखीखाली नवे सर्पगृह उघडले. त्यात त्यांनी वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी ऊब मिळेल अशी विजेची सोय केली आणि सूर्याचे अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच वापरली. तेथे इंडोनेशियातल्या कोमोडो बेटांकडून दोन प्रचंड घोरपडी आल्या होत्या. त्यांतली सुंबावा नावाची घोरपड इतकी माणसाळली, की बाई तिला कुत्र्यासारखी बरोबर घेऊन हिंडत आणि १९२८ साली प्राणिशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी तिला स्वतःच्या हाताने खाऊ घातले. प्रॉक्टरबाई आजारी असत. १९३१ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी त्या वारल्या. मुलाला ही हकीकत फार आवडली. मला मात्र त्यातून दुसरेच दिसत होते. घोरपड माणसाळते हे खरे. पण दोर बांधून सांगितलेल्या दिशेने ती चढते, असे प्रॉक्टरबाईंनीही कधी म्हटले नाही.

मग खाण्याचा हिशोब झाला. पिल्लाला नाकतोडे, झुरळे, हुमण्या, गोगलगाई, लहान खेकडे. मोठीला उंदीर, बेडूक, अंडी. ती वाढून शेपटीसह माणसाच्या उंचीला येऊ शकते आणि वीसेक वर्षे जगू शकते. म्हणजे खुराडे नव्हे, घरातली एक खोलीच द्यावी लागेल. आजी म्हणाल्या, "मग मी कुठं निजू?" आणि तेथेच आराखड्याचे अर्धे काम तमाम झाले.

उरलेले अर्धे कायद्याने केले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड पहिल्या परिशिष्टात, वाघाच्याच पंक्तीला बसवली आहे. तिला पकडणे, मारणे, घरी ठेवणे हा गुन्हा आहे आणि त्याला काही वर्षांची कैद आहे. हे संरक्षण तिला उगाच मिळालेले नाही. तिच्या कातड्याने दिमड्या मढवल्या, तिचे तेल सांधेदुखीवर चोळले, तिचे मांस खाल्ले. अजूनही हत्ताजोडी नावाची एक 'मुळी' लक्ष्मी घरात नांदावी म्हणून विकली जाते. ती मुळी नसून नर घोरपडीचा वाळवलेला अवयव असतो, हे तपासणीत सिद्ध झाले आहे. ऐन दिवाळीत हे लिहितो आहे ते मुद्दाम. कोणी देऊ केली तर घेऊ नका.

मुलगा हिरमुसला. पण जाता जाता त्याने मूळ प्रश्न टाकला: "मग गुरुजी, यशवंतीला कुठं ठेवायचे? तिला काय घालायचे?"

चाळीस वर्षे इतिहास शिकवून या प्रश्नाकडे माझे लक्ष गेले नव्हते, कारण तो कोणी विचारलाच नव्हता. मराठी राज्यात जनावरांचा संसार मोठा. घोडे, हत्ती, उंट, बैल यांच्या पागा, दाणावैरण आणि माणसे यांचे कागद पडले आहेत. पुढे पुण्यात सवाई माधवरावाने पर्वतीच्या पायथ्याशी वन्य पशूंचा शिकारखानाही बाळगला. पण घोरपडींचा कारखाना, घोरपडीवरचा नोकर, किंवा तिच्या खुराकाची नोंद माझ्या वाचनात कोठे आलेली नाही. जे जनावर ठेवायला आम्हांला एका रात्रीत एवढा विचार करावा लागला, ते राज्याने बाळगले असते तर कोठेतरी एखादी ओळ उमटली असती.

आता सभासदाची बखर पाहू. कृष्णाजी अनंत सभासदाने ती १६९७ साली जिंजीस राजाराम महाराजांसाठी लिहिली. कोंढाण्याला तेव्हा जेमतेम सत्तावीस वर्षे झाली होती. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीची हकीकत तो थोडक्यात देतो. दोघे मर्दाने मावळे निवडून कड्यावरून चढवले. ते वानरासारखे चढून गेले. वर जाऊन त्यांनी माळ, म्हणजे दोराची शिडी, लावली. आणि तिच्यावरून तानाजीसह तीनशे माणूस वर गेले. घोरपडीचे नाव नाही. प्राणी आहे तो वानर, आणि तोही उपमेपुरता.

मग घोरपड आली कोठून? १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात ग्रँट डफ सांगतो, की घोरपडे हे मूळचे भोसले. कोकणातला एक अजिंक्य किल्ला त्यांच्या पूर्वजाने घोरपडीच्या अंगाला दोर बांधून प्रथम सर केला, म्हणून हे आडनाव पडले, अशी त्या घराण्याची दंतकथा आहे. मुधोळकर घोरपड्यांच्या दप्तरात ही कथा बहमनी अमदानीतल्या खेळण्याशी, म्हणजे विशाळगडाशी जोडलेली असून १४७१ सालचे फर्मान तिच्या पुष्ट्यर्थ दाखवतात. त्या फर्मानांच्या खरेपणावर अभ्यासकांत वाद आहे. तो वाद बाजूला ठेवला तरी घोरपडीची कथा मराठी मुलखात आधीपासून होती आणि ती कोंढाण्याच्या कड्यावर येऊन चिकटली, असे मला वाटते. तुळशीदासाचा पोवाडा आपल्या हाती छापून आला तो १८९१ साली, अॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांच्या संग्रहातून. तोवर तो तोंडोतोंडी फिरत होता आणि तोंडोतोंडी फिरणारी गोष्ट जाताना काही ना काही गोळा करीत जाते. घोरपड म्हणजे घोरपडे आडनावाचा माणूस किंवा लोखंडी आकडा, असाही तर्क लढवतात. असेल, पण सभासदाच्या दोन माणसांनी काम भागत असताना तर्काची गरज काय?

कथेला आधार मात्र अस्सल आहे. घोरपड फटीत शिरली, की श्वास भरून अंग फुगवते, नखे रोवते आणि ओढून निघत नाही. 'घोरपडीसारखी पकड' हा आपला वाक्प्रचार कोणा निरीक्षकानेच घडवला असला पाहिजे. अडचण एवढीच, की कोणत्या फटीत शिरायचे हे ती ठरवते. तटाच्या वर जावे असे तिला वाटण्याचे काहीच कारण नाही. कड्याच्या मध्यावर सोयीची कपार मिळाली, तर ती तेथेच राहील. पोवाड्यातली यशवंती अर्ध्यावरून फिरते, तेवढा भाग मला सर्वांत खरा वाटतो.

मला खटकते ते वेगळेच. माघातल्या वद्य नवमीच्या काळोखात, खाली दरी आणि वर उदेभानाचे पहारे असताना, हाताबोटांनी खडक चाचपत दोन माणसे वर गेली. त्यांच्यामागे दोर गेला, दोरामागे तीनशे गेले. सभासदाने त्या दोघांची नावे लिहिली नाहीत. शाहिराने नाव दिले ते घोरपडीला. शेंदूर तिला, मोत्यांचा भांगही तिलाच. ज्यांची नखे खरोखर त्या कड्यावर तुटली असतील, ते कोणत्या गावचे, परत घरी गेले की नाहीत, हे महाड-पोलादपुरातला एकही म्हातारा सांगू शकत नाही. यशवंतीचे नाव मात्र पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक आहे.

मुलाला मी हे सांगितले तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. आजींना ते मुळीच रुचले नाही. "आमच्या उमरठात असं कुणी म्हनत न्हाई," असे म्हणून त्यांनी पदर खोचला. त्यांच्याशी वाद घालण्याचा माझा हेतू नव्हता. त्या पोवाड्याच्या बाजूच्या आहेत आणि पोवाड्याचीही एक बाजू असतेच.

सकाळी वनरक्षक आला. त्याने शेपटीची जखम पाहिली, वरवरची होती. ज्या गडग्यात पिल्लू सापडले होते तेथेच, मांजरी फिरकणार नाहीत अशा करवंदीच्या बाजूला, त्याने पेटी आडवी ठेवून झाकण काढले. पिल्लू लगेच बाहेर आले नाही. दहा-बारा मिनिटांनी जीभ दिसली, मग डोके. आणि पुढच्या क्षणी दोन दगडांमधल्या फटीत शेपटीचे टोक तेवढे दिसत होते.

दिवाळीत त्या मुलाने अंगणात कोंढाणा केला. कडा चांगला उभा साधला होता, अळीवही छान उगवले होते. कड्यावर मातीचे दोन मावळे, एक दुसऱ्याच्या खांद्याला हात लावून. त्यांच्या कमरेला सुतळी. पायथ्याशी काड्यापेटीची एक पेटी होती, उघडी. आजींनी वाकून आत पाहिले.

"अरे, घोरपड कुठाय रं?"

"ती गडग्यात गेली," तो म्हणाला आणि पणती लावायला उठला.