न्हाणीतला कोनाडा



मागच्या महिन्यात आमच्या वालूरच्या घरी न्हाणीघरात नवं शेल्फ बसवलं. आधीचं प्लास्टिकचं, भिंतीला चिकटवायचं. बोअरच्या पाण्याचे क्षार टाइलवर बसतात, त्यांवर चिकटलेलं शेल्फ किती टिकणार? दुसऱ्यांदा पडलं तेव्हा तेलाची बाटली सांडली आणि माझा पाय घसरला. हाड मोडलं नाही, एवढं पुण्य कामी आलं.

पडल्या पडल्या सासूबाई आठवल्या. त्यांच्या न्हाणीत असं काही पडत नसे, कारण तिथे कोनाडा होता.

आपल्या मराठवाड्यातली जुनी माळवदाची घरं आठवा. दगडमातीच्या भिंती दोन-अडीच फूट जाड. भिंत बांधताना थोडी जागा मोकळी सोडली की झाला कोनाडा. मी बी.कॉम., हिशेब सुचतोच: वेगळा खर्च जवळजवळ शून्य! आमच्या गावची गोल, फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव प्रसिद्ध आहे. जुन्या बारवांच्या भिंतींत देवांसाठी देवकोष्ठं असतात, घरात दिव्यासाठी देवळी आणि न्हाणीत शिकेकाईसाठी कोनाडा. युक्ती एकच.

मग सिमेंटचे खांब आणि स्लॅब आले. भार खांबांनी घेतला, आतल्या भिंती चार इंचांच्या झाल्या. त्यात कोनाडा कुठून कोरणार? म्हणून भिंतीच्या पोटातली जागा शेल्फ होऊन बाहेर आली.

दुसरा बदल आपल्या अंघोळीचा. पूर्वी दगडावर बसून, घंगाळातून तांब्याने पाणी घ्यायचं. त्यामुळे कोनाडाही बसल्या हाताला. शॉवर आला, माणूस उभा राहिला, शेल्फ छातीपर्यंत चढलं. पण साठीनंतर आपण पुन्हा स्टुलावर बसतो, हे कुणी लक्षात घेत नाही.

कोनाड्यात सगळंच चांगलं होतं असंही नाही. ओल धरायची, शेवाळ यायचं. सासूबाई दुहेरी छन्न्याने पाणी गाळून जिवाणी विहिरीत परत सोडत, आणि न्हाणं झालं की कोनाडा कोरड्या फडक्याने पुसत. पाणी साचलं की जीवोत्पत्ती होते आणि मग घासताना हिंसा घडते. ती होऊच नये म्हणून आधीच पुसायचं. साडेचार हजार वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या घरांतही विटांच्या न्हाणीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार होता. मग आपल्या शेल्फला का नको?

गवंड्याला तेच सांगितलं. कोपऱ्यात ग्रॅनाइटची फळी, दोन्ही भिंतींत खाच पाडून बसवलेली, पुढे किंचित उतार, काठ नाही, फटी बुजवलेल्या. खाच पाडण्याआधी आतली पाण्याची पाइप कुठून गेली आहे ते बघून घेतलं. नवं न्हाणीघर बांधत असाल तर टाइल लावतानाच फळी बसवा, फोडाफोड वाचते.

फळ्या दोन बसवल्या. सून म्हणाली, “आई, ही खालची कशाला?”

म्हटलं, “वरची तुझी. खालची आज माझी, पुढे तुझीच.”

आता अंघोळ झाली की दोन्ही फळ्या तीच पुसते.