चेकोस्लोव्हाकिया: न विचारता झालेली वाटणी

आपल्याकडे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली माणसं अजूनही बोलता बोलता 'चेकोस्लोव्हाकिया'च म्हणतात. नव्रातिलोव्हा तिथली, बाटा मूळचा तिथला. तो देश नकाशावरून जाऊन तीस वर्षं उलटली. आणि कुठेही देश फुटायचा विषय निघाला की कुणीतरी त्याचा दाखला देतोच, बघा, रक्ताचा थेंब न सांडता कशी वाटणी झाली! खरं आहे. पण घरातल्या माणसांना त्या वाटणीबद्दल कुणी विचारलंच नव्हतं, हे मात्र कुणी सांगत नाही.

सुरुवातीपासून बघू. 28 ऑक्टोबर 1918 ला प्रागमध्ये नव्या देशाची घोषणा झाली. चेक आणि स्लोव्हाक भाषा इतक्या जवळच्या की एकाचं बोलणं दुसऱ्याला कळतं. पण इतिहास वेगळा. चेक लोक ऑस्ट्रियाच्या बाजूला, कारखानदारीत पुढे. स्लोव्हाक शेकडो वर्षं हंगेरीच्या राज्यात, शेतकरी, आणि 1870 च्या दशकात त्यांची तिन्ही स्लोव्हाक माध्यमाची हायस्कुलं हंगेरी सरकारने बंद केलेली.

स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, मे 1918 मध्ये, मासारिक यांनी अमेरिकेत पिट्सबर्गला तिथल्या चेक आणि स्लोव्हाक संघटनांबरोबर एक करार केला. स्लोव्हाकियाला स्वतःचा कारभार, स्वतःची विधानसभा, स्वतःची न्यायालयं. पुढे मासारिक राष्ट्राध्यक्ष झाले आणि तो करार अमेरिकेतल्या लोकांचा स्थानिक मामला ठरला! मासारिक यांचे वडील स्लोव्हाक होते, तरीही.

असं का झालं? उत्तर शिरगणतीत आहे. 1921 मध्ये देशात जर्मन 31 लाखांच्या वर आणि स्लोव्हाक वीसेक लाख. म्हणजे जर्मन दुसऱ्या नंबरवर. आता चेक आणि स्लोव्हाक वेगळे मोजले तर चेक लोकांचं बहुमत काठावरचं. म्हणून 1920 च्या घटनेने सरळ 'चेकोस्लोव्हाक राष्ट्र' असं एकच राष्ट्र मानलं. कागदावर हिशेब जुळला, पण धाकट्या भावाला वाटलं की आपलं नावच सातबाऱ्यावरून गेलं. त्यात शाळा-कचेऱ्यांत प्रागहून आलेले शिक्षक आणि अधिकारी. गरज होती हे कबूल, शिकलेले स्लोव्हाक होतेच किती? पण येणारा मदतीला आला की साहेब म्हणून आला, हे गावाला बरोबर कळतं.

या दुखण्याचा फायदा हिटलरने उचलला. म्युनिक करारानंतर देश मोडकळीला आला, आणि 14 मार्च 1939 ला तिसो यांच्या स्लोव्हाकियाने जर्मनीच्या छत्राखाली 'स्वातंत्र्य' जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी जर्मन फौजा प्रागमध्ये. चेक लोक हे विसरले नाहीत. स्लोव्हाकांनी ऑगस्ट 1944 मध्ये नाझींविरुद्ध मोठा उठाव केला, तो मात्र बाहेर फारसा कुणाला माहीत नसतो.

1968 चं प्राग स्प्रिंग सगळ्यांना माहीत आहे. त्याचा नेता दुबचेक स्लोव्हाक होता. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले, सुधारणा गुंडाळल्या गेल्या. टिकली ती एकच, देशाचं दोन प्रजासत्ताकांचं संघराज्य झालं. कम्युनिस्ट काळात ते नावापुरतंच, सगळं पक्षच ठरवायचा. पण घटनेत एक कलम होतं. महत्त्वाच्या कायद्यांवर संघसंसदेतले 75 चेक आणि 75 स्लोव्हाक सदस्य वेगवेगळं मतदान करणार, आणि कोणत्याही एका बाजूचे 31 जण अडून बसले की कायदा पडला.

1989 ला लोकशाही आली आणि हे कलम जागं झालं. पहिलं भांडण कशावरून? देशाच्या नावातल्या आडव्या रेघेवरून! स्लोव्हाकांना 'चेको-स्लोव्हाकिया' हवं होतं. चेक लोकांना त्या रेघेत म्युनिकनंतरचा देश दिसायचा. मार्च 1990 मध्ये तोडगा निघाला की चेकमध्ये रेघ नाही, स्लोव्हाकमध्ये रेघ. महिनाभरात तोही बदलावा लागला. हसू येतं, पण मागे सत्तर वर्षांचा हिशेब होता.

त्यात पोटाचा प्रश्न. स्लोव्हाकियात शस्त्रांचे कारखाने होते, त्यांची मागणी आटली आणि बेकारी चेक भागाच्या जवळपास तिप्पट झाली. जून 1992 च्या निवडणुकीत चेक भागात क्लाउस आणि स्लोव्हाकियात मेचियार जिंकले, दोघांनाही आपापल्या भागात साधारण एक तृतीयांश मतं. क्लाउस यांना घट्ट संघराज्य हवं होतं, नाहीतर काहीच नको. मेचियार यांना सैलसर संघ. ब्रनोच्या एका बंगल्यातल्या बागेत बसून दोघांनी तारीख ठरवली.

बहुसंख्य लोकांना फाळणी नको आहे, असं तेव्हाच्या जनमत चाचण्या सांगत होत्या. सार्वमत घ्या म्हणून लाखोंनी सह्या केल्या. 1991 च्या कायद्यानुसार प्रजासत्ताकाला बाहेर पडायला सार्वमत हाच मार्ग होता. मग पळवाट काढली, बाहेर कुणीच पडायचं नाही, संघराज्यच बरखास्त करायचं. हावेल यांनी जुलैमध्येच राजीनामा दिला होता. दुबचेक मोटार अपघातात जखमी होऊन 7 नोव्हेंबरला गेले. 25 नोव्हेंबरला संसदेने जेमतेम मतांनी कायदा मंजूर केला आणि 31 डिसेंबरच्या मध्यरात्री देश संपला.

मालमत्ता साधारण दोनास एक, लोकसंख्येप्रमाणे. सामाईक चलन जेमतेम सव्वा महिना टिकलं, मग जुन्याच नोटांवर तिकिटं चिकटवून दोन चलनं केली. राष्ट्रगीत दोन कडव्यांचं होतं, एक चेक, एक स्लोव्हाक. ज्याचं त्याने नेलं. संघराज्याची चिन्हं कुणीच वापरायची नाहीत असं कायद्यात लिहिलं होतं, तरी झेंडा चेक लोकांनी ठेवून घेतला. आजही तोच आहे, 1920 साली जोडलेल्या निळ्या त्रिकोणासकट. तो त्रिकोण स्लोव्हाकियासाठी, असं तेव्हा बरेच जण सांगायचे.