बॅटरीवाल्यांची आंबोली

आंबोलीला प्रसिद्धी दिली धबधब्याने, असं लोक समजतात. मी लॉजवाल्याचा मुलगा; माझ्या मते श्रेय वेंगुर्ल्याच्या बंदराचं. बेळगावच्या लष्करी छावणीला माल तिथून जायचा, त्यासाठी इंग्रजांनी पारपोलीच्या अंगाने घाटरस्ता काढला. सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांना वरची हवा मानवली आणि थंड हवेचं ठिकाण उभं राहिलं. पुढे 1880 च्या दशकात मुरगावची रेल्वे घाट चढली, माल तिकडे वळला. रस्ता तेवढा आमच्या वाट्याला राहिला.

या रस्त्याने मे महिन्यात नवी जोडपी यायची. पाऊस लागला की लॉजला कुलूप. वर्षाला 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस. गाद्यांना बुरशी, भिंतींना ओल, चार-चार दिवस लाईट नाही. अशा दिवसांत कोण पैसे देऊन राहणार?

आज त्याच दिवसांत रात्री बॅटऱ्या घेऊन फोटोवाले येतात. रात्री रानात जायची सवय मात्र गावाला होतीच, आणि ती कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जुनी. पहिल्या पावसात कुर्ल्या धरायला माणसं बत्ती घेऊन ओहोळात उतरत. मोठे बेडूकही धरले जात. खाली गोव्यात पावसाळ्यात हॉटेलांतून ‘जंपिंग चिकन’ म्हणून ते ताटात येत. देशातून तर बेडकांच्या तंगड्या परदेशी जात. 1987 साली केंद्राने ती निर्यात बंद केली. पहिल्या सरीनंतर कुठला कातळ बोलू लागतो, कुठल्या डबक्यावरच्या फांदीला उडत्या बेडकाचं फेसाळ घरटं लटकतं, हे ज्याला-त्याला ठाऊक होतं. बाहेरचे पाहुणे त्याला ‘फील्ड नॉलेज’ म्हणतात आणि त्यासाठी गाईड घेतात. त्यात मला काही गैर वाटत नाही.

रोलच्या काळात एखाद-दुसरा फोटोग्राफर यायचा. 36 फोटोंचा रोल, 50 किंवा 64 आयएसओची स्लाइड फिल्म; रोल धुऊन येईपर्यंत फ्लॅश चुकला की जमला हे कळायचं नाही. अशात शिकवणार काय? 2003 साली कॅननचा 300डी आला, तेव्हापासून डिजिटल एसएलआर हौशी माणसाच्या खिशाला झेपू लागला. चूक तिथेच पडद्यावर दिसायला लागली, आणि फोटोग्राफीचं वर्कशॉप हा धंदा शक्य झाला. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उभं राहून वर्कशॉपचे सर सांगू शकले, ‘एफ सोळा ठेवा, फ्लॅश वर घ्या.’ मॅक्रोमध्ये जेमतेम एक-दोन मिलिमीटर फोकसमध्ये येतात, म्हणून बेडकाचा डोळा धरायचा, बाकी अंग गेलं तरी चालेल. फ्लॅशसमोर दुधाच्या पिशवीचा तुकडा, कॅमेऱ्यावर छत्री, छत्री धरायला आमचा पोरगा.

आजी म्हणायची, ‘बेडकाचो फोटो काढून हे करतत काय?’ मग 2009 साली एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आमच्या कातळावरच्या एका लहानशा भेकाला विज्ञानात स्वतंत्र जात म्हणून नोंदवलं: झॅन्थोफ्रिने टायगेरिना, आंबोली टोड. अंगावर वाघासारखे पट्टे. त्यानंतर पावसाळी बुकिंगला मे महिन्याचा भाव आला. आम्ही जनरेटर घेतला, चुलीशेजारी बूट वाळवायची सोय केली.

धंद्याला खोट लागायला वेळ लागला नाही. हिरवा चापडा साप काठीने उचलून शेवाळलेल्या फांदीवर बसवायचा, सगळ्यांचे फोटो झाले की सोडून द्यायचा, अशा बॅचेस आल्या. टोड उथळ डबक्यांत अंडी घालतो; त्यांतूनच पावलं फिरत. चौकुळच्या रस्त्यावर तो गाडीखाली चिरडला जातो, आणि रात्री तिथल्या गाड्या कुणाच्या, हे मला चांगलं ठाऊक असतं. हा प्राणी अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आता आम्ही खोली देतानाच सांगतो: साप हलवायचा नाही, सड्यावर आमचा माणूस पुढे चालेल. काही बॅचेस त्यामुळे दुसरीकडे गेल्या. जाऊ देत.

2020 मध्ये हिरण्यकेशीच्या महादेवाच्या कुंडात मुरी माशाची नवी जात नोंदवली गेली. भाविकांच्या पायांशीच ती फिरत होती. पुढच्या वर्षी सरकारने तिथली 2.11 हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. त्या माशाचा फोटो मागणारे फोन आता येतात. कुंडात कुणाला उतरवायचं नाही, असं गाईड पोरांनी आपसात ठरवलंय.