प्रेमातून चिकित्सेकडे : अमेरिकी दक्षिणेतील एक बँड आणि त्याचे रसिक

आपल्या साहित्यविचारात रसिकाला मानाचे स्थान आहे. इतिहास मात्र नाही. अभिनवगुप्ताचा ‘सहृदय’ ही एक आदर्श कोटी आहे. तो कोणत्या गावचा, त्याच्या हाती पोथी कशी आली, दुसऱ्या सहृदयाशी तो कशावरून भांडला, हे प्रश्न तेथे उद्भवत नाहीत. पाश्चात्त्य समीक्षेत हान्स रॉबर्ट याउसने १९६७ मध्ये अपेक्षाक्षितिजाची कल्पना मांडली, स्टॅन्ली फिशने १९८० च्या ग्रंथात अर्थनिर्णायक समुदायांचा विचार पुढे नेला, आणि वाचक एकटा वाचत नाही हे बव्हंशी मान्य झाले. तरीही एक प्रश्न उरतो. एकाच कलाकृतीच्या प्रेमाने जोडलेले लोक तिचे परस्परविरोधी अर्थ लावत असतील, तर त्यांना जोडणारे नेमके काय असते? आणि कलावंतानेच एके दिवशी त्यांतील एक अर्थ नाकारला, तर त्या प्रेमाचे काय होते?

या प्रश्नाच्या विचारासाठी मी येथे ग्रंथाचे नव्हे, तर गाण्यांचे उदाहरण घेत आहे. ‘ड्राइव्ह-बाय ट्रकर्स’ हा रॉक बँड पॅटरसन हूड आणि माइक कूली यांनी १९९६ मध्ये जॉर्जिया राज्यातील ॲथेन्स या विद्यापीठनगरीत स्थापन केला. दोघेही मूळचे अलाबामातील मसल शोल्स परिसरातले. त्यांच्या गाण्यांत ठसठशीत पात्रे असतात, नावानिशी गावे असतात, आणि निवेदक पुष्कळदा विश्वासार्ह नसतो. विल्यम फॉकनर आणि फ्लॅनरी ओ’कॉनर यांच्या कथनपरंपरेशी त्यांचे नाते लावले जाते, ते यामुळेच.

अमेरिकेत ‘दक्षिण’ म्हणतात तेव्हा केवळ दिशा अभिप्रेत नसते. गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटून निघालेली आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात पराभूत झालेली ही राज्ये. पराभवानंतर तेथील गोऱ्या समाजाने आपल्या लढ्याचे एक उदात्त आख्यान रचले. त्यातून गुलामगिरी हळूहळू वगळली गेली. शौर्य, भूमी आणि वारसा एवढेच उरले. तांबड्या कापडावर निळी फुली आणि तीवर पांढरे तारे असा तेथील सैन्याचा ध्वज या आख्यानाचे सर्वांत परिचित चिन्ह ठरला. १९७० च्या दशकात ‘सदर्न रॉक’ या नावाने जो संगीतप्रवाह लोकप्रिय झाला, त्यातील ‘लेनर्ड स्किनर्ड’ या बँडच्या रंगमंचावर हाच ध्वज पाठीमागे झळकत असे.

याच बँडच्या एका गाण्यापासून आपल्या विषयाचा इतिहास सुरू होतो. गायक नील यंग याने १९७० आणि १९७२ मध्ये दोन गाण्यांतून दक्षिणेतील वंशद्वेषावर कठोर टीका केली होती. तिला उत्तर म्हणून १९७४ मध्ये ‘स्वीट होम अलाबामा’ आले. ते लिहिणाऱ्या तिघांपैकी अलाबामाचा एकही नव्हता. गाण्यात गव्हर्नरचा उल्लेख येतो. हा गव्हर्नर म्हणजे जॉर्ज वॉलेस. १९६३ मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश मिळू नये म्हणून तो अलाबामा विद्यापीठाच्या दारात उभा राहिला होता. त्या उल्लेखापाठोपाठ पार्श्वगायनात नापसंतीचे हुंकार उमटतात. मग हे गाणे वॉलेसचे समर्थन करते की त्याची टर उडवते? या प्रश्नावर रसिकांत गेली पन्नास वर्षे वाद चालू आहे. गायक रॉनी व्हॅन झँट याने ऑक्टोबर १९७७ मध्ये निघालेल्या संग्रहाच्या मुखपृष्ठावर नील यंगचे चित्र असलेला शर्ट घातलेला दिसतो. संग्रह निघाल्यावर तिसऱ्याच दिवशी, २० ऑक्टोबरला, बँडचे विमान मिसिसिपी राज्यात कोसळले. सहा जण मरण पावले. व्हॅन झँट त्यांपैकी एक होता. अर्थाचा खुलासा करू शकणारा माणूसच उरला नाही. उरल्या त्या रसिकांनी रचलेल्या दंतकथा : त्याला तोच शर्ट घालून पुरले म्हणतात, विमानातला व्हिडिओ रेकॉर्डर डोक्यावर आदळून तो गेला म्हणतात.

त्या वेळी पॅटरसन हूड तेरा वर्षांचा होता. लेनर्ड स्किनर्डला रंगमंचावर पाहण्याची संधी त्याला मिळाली नाही. ही चुकामूक पुढे त्याच्या एका गाण्याचा विषय झाली. दुसऱ्या अर्थाने मात्र तो या बँडच्या फार जवळ होता. ‘स्वीट होम अलाबामा’मध्ये मसल शोल्सच्या ज्या साथीदार वादकांचा गौरव आहे, त्यांतील बास गिटारवादक डेव्हिड हूड हे त्याचे वडील. या गोऱ्या वादकांनी १९६९ मध्ये स्वतःचा स्टुडिओ काढला, आणि १९७२ मध्ये ‘स्टेपल सिंगर्स’ या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या विख्यात गीताला साथ केली, तेव्हा राज्याचा गव्हर्नर पुन्हा वॉलेसच होता. एकाच भूमीत, एकाच काळी, एका दारात माणूस अडवला जात होता आणि दुसऱ्या दारातून आत घेतला जात होता. हे द्वैत हूडला घरातच भेटले.

सप्टेंबर २००१ मध्ये आलेला ‘सदर्न रॉक ऑपेरा’ हा दुहेरी संग्रह याच द्वैताचे कथन आहे. त्यासाठी बँडने रसिकांकडून आणि परिचितांकडून कर्जाऊ पैसे उभे केले, संग्रह स्वतःच प्रसिद्ध केला. मोठ्या कंपनीने तो २००२ मध्ये पुन्हा काढला. त्याच्या रचनेकडे समीक्षकांनी लक्ष द्यावे असे मला वाटते. येथे एक बँड दुसऱ्या बँडवरील आपल्या प्रेमाचा इतिहास सांगतो. ‘बीटामॅक्स गिलोटीन’ नावाचा एक काल्पनिक बँड त्यात आहे. व्हिडिओ रेकॉर्डरच्या दंतकथेवरूनच त्याचे नाव पडले. रसिकांच्या ऐकीव गोष्टी येथे कथानकाची सामग्री होतात. परंतु संग्रह केवळ गौरवाशी थांबत नाही. एका गाण्यात यंग आणि व्हॅन झँट यांचे कथित वैर तपासून त्यामागचा परस्पर आदर पुढे आणला आहे. दुसऱ्यात १९९८ मध्ये मरण पावलेल्या वॉलेसच्या नरकातील स्वागताची तयारी खुद्द सैतान करतो. वॉलेसच्या उत्तरायुष्यातील पश्चात्तापाची हूडला जाणीव आहे. पण केवळ मतांसाठी द्वेषाला खतपाणी घालणे हा त्याच्या दृष्टीने गंभीर अपराध आहे. थोडक्यात, चाहता येथे टीकाकार झाला आहे, आणि चाहतेपण न सोडता झाला आहे.

पुढे या बँडचाही रसिकसमुदाय उभा राहिला. ॲथेन्स या नावाच्या रोमन वर्णांपुढे दोन अक्षरे जोडली की ‘पाखंडी’ या अर्थाचा इंग्रजी शब्द होतो. ॲथेन्समधील ‘फोर्टी वॉट क्लब’ येथील वार्षिक मेळाव्याचे नाव या श्लेषावर आधारलेले आहे. दूरदूरच्या राज्यांतून लोक तेथे जमतात. संगीतकारांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या तेथील ‘न्यूचीज स्पेस’ या संस्थेला या मेळाव्यातून मदत मिळते. कार्यक्रमाचा गीतक्रम बहुधा आधी ठरलेला नसतो. ध्वनिमुद्रणाला बँडची मुभा असते. त्यामुळे प्रत्येक प्रयोगाची प्रत वेगळी. हूड गाण्यापूर्वी लांबलचक निवेदन करतो, ते दर वेळी थोडे बदलते. कीर्तनकाराचे निरूपण बदलावे तसे. रसिक या प्रती जमवतात आणि ताडून पाहतात. पाठचिकित्सकाला हा व्यवहार परका वाटणार नाही.

या पाठांतून त्यांना मिळालेले शिक्षण महत्त्वाचे आहे. १९९९ च्या संग्रहातील ‘अंकल फ्रँक’ या गाण्यात टेनेसी खोऱ्यातील धरणामुळे उखडल्या गेलेल्या निरक्षर माणसाची शोकांतिका आहे. जेसन इझबेल २००१ ते २००७ या काळात बँडमध्ये होता. त्याच्या ‘टीव्हीए’ या गाण्यात, १९३३ मध्ये स्थापन झालेल्या त्याच सरकारी प्राधिकरणाविषयी, त्याने गरीब कुटुंबांना दिलेल्या रोजगाराविषयी, कृतज्ञता आहे. २००४ च्या ‘द डर्टी साउथ’ संग्रहात शेरीफ ब्यूफर्ड पसर याची कथा येते. १९७३ च्या चित्रपटाने ज्याला लोकनायक केले, त्याच्याकडे येथे त्याच्या शत्रूंच्या नजरेने पाहिले जाते. एका घटनेला एकाहून अधिक साक्षीदार असतात, आणि प्रत्येकाचे ऐकावे लागते, ही सवय या श्रोत्यांना गाण्यांनीच लावली.

सर्वांना ती लागली नाही. ‘सदर्न रॉक ऑपेरा’तच ‘द सदर्न थिंग’ नावाचे गाणे आहे. दक्षिणी अस्मितेतील अंतर्विरोध दाखवण्यासाठी ते लिहिले गेले होते. काही श्रोत्यांनी मात्र ते जुन्या ध्वजाचे रणगीत म्हणून स्वीकारले. कार्यक्रमांत तो ध्वज दिसू लागला. स्किनर्डच्या गाण्याचे जे झाले होते, तेच त्या गाण्याची चिकित्सा करणाऱ्या बँडच्या वाट्याला आले. फरक इतकाच की, या वेळी लेखक हयात होता. त्याने काय केले? गाणे फारसे गायचेच नाही असे ठरवले. १७ जून २०१५ रोजी चार्ल्सटन येथील चर्चमध्ये एका गोऱ्या वर्चस्ववादी तरुणाने नऊ कृष्णवर्णीयांची हत्या केली. त्यानंतर हूडने ‘न्यूयॉर्क टाइम्स मॅगझिन’मध्ये लेख लिहून, दक्षिणेचा वारसा त्या ध्वजाहून कितीतरी मोठा आहे असे प्रतिपादन केले, आणि आपले गाणे मागे का पडले याचीही कबुली दिली.

२०१६ चा ‘अमेरिकन बँड’ हा संग्रह या कबुलीनंतरचा. आधीच्या संग्रहांची मुखपृष्ठे वेस फ्रीड या चित्रकाराच्या वटवाघळांनी आणि वठलेल्या झाडांनी ओळखली जात; फ्रीड २०२२ मध्ये निवर्तला. या संग्रहावर त्याच्या चित्राऐवजी अर्ध्यावर उतरवलेल्या राष्ट्रध्वजाचे छायाचित्र आले. आत निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणांच्या मृत्यूंविषयीचे गाणे होते, पराभवाच्या उदात्तीकरणावरचे गाणे होते. रंगमंचावर कृष्णवर्णीयांच्या चळवळीचा फलक लागला. आता संदिग्धतेला जागा राहिली नाही. काही जुने श्रोते दुरावले, काहींना आपण आजवर काय ऐकत होतो हे नव्याने उमगले.

दुरावलेल्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. ते न्याय्य नाही. त्यांनी लावलेल्या अर्थाला संहितेत आधार होता. निवेदकाच्या तोंडी अभिमान घातला की तो अभिमान कोणीतरी उचलणारच. बहुस्वरी रचनेची ही जोखीम लेखकाला टाळता येत नाही. हूडलाही ती टाळता आली नाही : २०२० मध्ये त्याने स्वतंत्र लेख लिहून आपल्या बँडच्या नावाचीच झडती घेतली. तरुणपणी विनोद म्हणून ठेवलेले नाव आता आपल्याला वेगळे ऐकू येते, अशी त्याची व्यथा होती. नाव कायम राहिले. पण ते निरागस राहिले नाही.

आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. या समुदायाला जोडणारी गोष्ट अर्थाची एकवाक्यता नव्हती. ती असती तर १९७४ पासूनचा वाद चाललाच नसता. जोडणारी गोष्ट होती सामाईक सामग्री : तीच गावे, तेच अपघात, त्याच दंतकथा, तोच ध्वज. अशा सामग्रीवर प्रेम करणाऱ्याला तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार मिळतो आणि उत्तरदायित्वही येते. ‘सदर्न रॉक ऑपेरा’ने आपल्या आवडत्या बँडशी जे केले, तेच त्याच्या श्रोत्यांना पुढे या बँडशी आणि स्वतःशीही करावे लागले. काहींनी ते केले, काही उठून गेले. दोन्ही घटना आस्वादाच्या इतिहासात नोंदवल्या पाहिजेत. सहृदयाच्या व्याख्येत तन्मयतेला स्थान आहे. आपल्या प्रेमविषयाची झडती घेण्याच्या क्षमतेलाही ते द्यायचे की नाही, हे आता आपण ठरवायला हवे.