ओरेगॉनची रेषा : एका गवळी-शेतकऱ्याचा जमीन कायदा

८ जानेवारी १९७३. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगॉन राज्याच्या विधिमंडळासमोर गव्हर्नर टॉम मॅकॉल उभे राहिले आणि राज्याच्या भूमीवरील तीन अरिष्टे त्यांनी नावानिशी सांगितली : पूर्वेच्या माळरानावर पाडले जाणारे प्लॉट, समुद्रकाठी उगवणाऱ्या सदनिका आणि विलामेट खोऱ्यातील सुपीक शेते गिळत चाललेली उपनगरे. मॅकॉल मूळचे पत्रकार. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकले होते, की ओरेगॉन पाहायला पुन्हा पुन्हा या, पण कृपा करून इथे राहायला येऊ नका!

भाषण गाजले ते मॅकॉल यांचे. कायद्यामागचा खटाटोप मात्र हेक्टर मॅकफर्सन या सिनेटरचा होता. मॅकफर्सन लिन काउंटीत दूधदुभत्याची शेती करणारे, पक्षाने रिपब्लिकन. शेताच्या बांधाला घरे लागली की नव्या रहिवाशांना शेणाचा वास आणि फवारणी खुपते, जमिनीचा भाव चढतो आणि उरलेल्या शेतकऱ्यालाही विकण्याचा मोह आवरत नाही. ही साखळी तोडायची तर एकट्यादुकट्या गावाचे नियम पुरत नाहीत.

१९६९ मध्ये एक कायदा झाला होता. प्रत्येक शहराने व काउंटीने आपल्या जमिनीचे नियोजन करावे, असे त्यात होते. परंतु कोणत्या कसोट्यांवर, याबद्दल फारसे काही नव्हते आणि पैशाची तरतूदही नव्हती. मॅकफर्सन यांनी मग गव्हर्नरच्या कचेरीची मदत घेऊन नव्या विधेयकाची जुळणी केली. हेच ‘सिनेट विधेयक १००’. मूळ मसुद्यात प्रादेशिक मंडळांना मोठे अधिकार होते. त्यावरून विधेयक अडले, तेव्हा एल. बी. डे यांनी तडजोड घडवली : नियोजन स्थानिकांनीच करावे, पण राज्याच्या उद्दिष्टांना धरून. २९ मे १९७३ रोजी मॅकॉल यांची सही झाली.

उद्दिष्टे कायद्यात नव्हतीच, हे विशेष. ती ठरवण्यासाठी नेमलेल्या आयोगाने राज्यभर सभा घेऊन १९७४ च्या अखेरीस १४ उद्दिष्टे मंजूर केली. पुढे ती १९ झाली. प्रत्येक शहराभोवती वाढीची एक सीमारेषा आखायची. आत सुमारे २० वर्षांच्या गरजेपुरती जमीन ठेवायची. बाहेरील शेतजमीन शेतीसाठीच राखायची, आणि तिच्यावरील कर प्लॉटच्या भावाने न आकारता शेतीच्या मोलाने आकारायचा. पोर्टलंड महानगराची रेषा १९७९ मध्ये आखली गेली.

विरोध पहिल्यापासून होता. मॅकफर्सन स्वतः १९७४ मध्ये निवडणूक हरले. ही व्यवस्था मोडण्यासाठी १९७६, १९७८ आणि १९८२ मध्ये जनमत घेण्यात आले आणि तिन्ही वेळा लोकांनी ती राखली. १९८२ च्या प्रचारात कर्करोगाने खंगलेले मॅकॉल स्वतः उतरले होते. मतदानानंतर दोनच महिन्यांनी, ८ जानेवारी १९८३ रोजी, म्हणजे त्या भाषणाला बरोबर दहा वर्षे झाली त्याच दिवशी, ते वारले.

पण रेषेच्या बाहेर पडलेल्यांचे काय? म्हातारपणाची पुंजी म्हणून जमीन घेऊन ठेवलेल्या माणसाला तिचे दोन तुकडेही करता येईनात. ही तक्रार खोटी नव्हती. कायद्याच्या समर्थकांनी ती फार काळ कानांआड केली. २००४ मध्ये नव्वदी ओलांडलेल्या एका वृद्धेचा आवाज रेडिओवरून घरोघरी पोचला आणि ‘मेझर ३७’ सुमारे ६१ टक्के मतांनी मंजूर झाले : जमीन घेतल्यानंतर आलेल्या नियमामुळे तिचे मोल घटले असेल, तर सरकारने भरपाई द्यावी, नाहीतर तो नियम त्या मालकापुरता सोडून द्यावा. भरपाईला पैसा कुठून आणणार? नियमच सुटू लागले. हजारो अर्ज आले. त्यांत नातवासाठी एक घर मागणारे होते, तसेच अख्खी वसाहत उभारू पाहणारेही होते.

या दोघांत फरक करणारी दुरुस्ती २००७ मध्ये आली. ‘मेझर ४९’ने बहुतेक अर्जदारांना एक ते तीन घरांची मुभा दिली आणि मोठ्या वसाहतींची वाट बंद केली. मतदारांनी तीही मोठ्या बहुमताने स्वीकारली. तिचा मसुदा करणाऱ्या विधिमंडळ समितीचे एक सहअध्यक्ष होते ग्रेग मॅकफर्सन, हेक्टर यांचे चिरंजीव. हेक्टर तेव्हा हयात होते. २०१५ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.