२२ जून २०१९ : पंधरा जणींच्या रग्बीत भारतीय महिलांचा पहिला विजय

फिलिपिन्समध्ये भरलेल्या आशियाई महिला रग्बी स्पर्धेत भारताने सिंगापूरला २१-१९ असे हरवले. पंधरा जणींच्या रग्बीतला भारतीय महिलांचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय विजय. या प्रकारात संघ उतरला होता तो जेमतेम वर्षभरापूर्वी, २०१८ मध्ये! कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरुचा, पेशाने फिजिओथेरपिस्ट. निर्णायक पेनल्टी मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. संघाला कांस्यपदक मिळाले. ऐंशी मिनिटे धडका देत-घेत मिळवलेल्या या यशाची आपल्याकडे हवी तेवढी दखल घेतली गेली नाही, ही खंत आहे. ठाणे, कल्याण-डोंबिवलीत कबड्डीच्या मैदानावर पकडी करणाऱ्या मुली कमी नाहीत. रग्बीतही अशीच पकड लागते; म्हणून त्यांच्या प्रशिक्षकांनी आणि पालकांनी या खेळाकडेही जरूर पाहावे.